मी धरलेला शुक्रवार

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. शेजारच्या वर्गावरच्या माझ्या मैत्रिणीला माझ्या पित्ताच्या गोळ्यांपासून सासूबाईंच्या टोमण्यांपर्यंत सगळं ठाऊक असतं — तिलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतेय? तेही नीट सांगता यायचं नाही. पण बसा जरा.

आधी शाळेबद्दल बोलते. शाळेबद्दल बोलायला मला आवडतं, आणि खरं म्हणजे तेवढंच ते दुसरं थोडं लांबतं.

जालन्याहून अंबडकडे निघालं की मोसंबीच्या बागांना लागून आमची शाळा. नावात ‘इंटरनॅशनल’ आहे. गेटवर पृथ्वीचा गोळा आहे, मुख्याध्यापिका परदेशात शिकवून आलेल्या आहेत, बाकी पोरं सगळी आपली इथलीच. कुणाचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान, कुणाचे वडील बियाण्यांच्या कंपनीत. मी स्वतः धावडा गावची, शेतकऱ्याची लेक. सकाळी इंग्रजी, डब्याच्या सुट्टीनंतर मराठी, असा आमचा नियम. पोरं मात्र दोन्हीचं मस्त कालवण करतात. “ताई, आय गेल्तो टू मामाज गाव,” असं दुसरीतला पोरगा छाती काढून सांगतो, तेव्हा त्याची चूक सुधारायची की त्याचा पापा घ्यायचा? मी बहुतेक वेळा दुसरंच करायचे.

आमच्याकडे शिक्षिकेला मॅडम म्हणत नाहीत, ताई म्हणतात. मी पोरांची लाडकी ताई होते. हे मी मिरवायला सांगत नाही — म्हणजे तेव्हा मिरवायचेच. पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही, म्हणून सांगते.

‘डब्याचा शुक्रवार’ ही कल्पनाही माझीच. दर शुक्रवारी सगळ्यांनी गोल बसायचं, चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव येईल त्यानं आपला डबा उघडून आत काय आहे ते दोन्ही भाषांत सांगायचं. मग तो डबा अर्धा ताईनं खायचा आणि ताईचा अर्धा त्या मुलानं. भिंतीवर मी स्वतः रंगवलं होतं — ‘सगळ्यांची भाषा, सगळ्यांचा डबा’. शाळेत पाहुणे आले की मुख्याध्यापिका त्यांना आधी ती भिंत दाखवायच्या. आणि मी शेजारी उभी, पदर सावरत.

त्या वर्षी माझ्या वर्गात संबोधी होती. घरी तिला संबू म्हणत, लवकरच आम्हीही म्हणायला लागलो. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे इंग्रजी बोलताना शीळ वाजायची. वर्गात नवीन कुणी आलं, रडायला लागलं की ही त्याच्या शेजारी जाऊन बसायची, काही न बोलता आपला खोडरबर त्याच्या हातात द्यायची. तिची आई अंबडच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवायची, सकाळच्या एसटीनं जायची. ‘माझं घर’ या तासाला संबूनं सांगितलं होतं, आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते. आणि तिनं ती म्हणून दाखवली, डोळे मिटून, शिळेसकट. मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मनापासून वाजवल्या, बरं का. ते खोटं नव्हतं.

मग एका शुक्रवारी तिची चिठ्ठी निघाली.

केव्हापासून वाट बघत होती ती. उठून उभी राहिली, डबा उघडला, “टुडे आय हॅव धपाटे” म्हणाली आणि लगेच मराठीत, की ताईंना तिखट सोसत नाही म्हणून आईनं मिरची कमी घातली. दह्याची छोटी डबी वेगळी होती. मला धपाटे किती आवडतात हे मीच वर्गात शंभरदा सांगितलेलं. तिनं डबा पुढे केला —

आणि माझा हात पुढे गेला नाही.

का? घरचं कुणी बघत नव्हतं. कुणी जाब विचारणार नव्हतं. लहानपणी आमच्या गावात कुणाच्या घरचं खायचं आणि कुणाच्या घरचं नाही, हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं, नुसतं पाळलं जायचं. ते सगळं मी कधीच सोडलं, असं मी लोकांना सांगत फिरत होते. पण त्या सात वर्षांच्या पोरीच्या हातातले धपाटे बघून मला शिसारी आली. हाच शब्द. दुसरा सौम्य शब्द मी पुष्कळ शोधला.

मी हसले आणि म्हणाले, “अगं, आज माझा उपवास आहे.”

कधीपासून, म्हणून पोरांनी विचारलं. आजपासूनच, दर शुक्रवारी, असं बोलून गेले. झालं, आता निस्तरा. तिच्या एकटीच्या डब्याला नाही म्हटलेलं उघडं पडू नये म्हणून मला पुढचे सगळे शुक्रवार धरावे लागले. कुणाच्या पुऱ्या आल्या, कुणाचा शिरा आला, मी आपली बटाट्याचा कीस चघळत बसलेली. हसू येतं ना? मलाही यायचं, तेव्हासुद्धा.

पण पुढच्याच शुक्रवारी संबू दोन डबे घेऊन आली. एक तिचा. दुसरा स्टीलचा, नवा कोरा. त्यात भगर आणि शेंगदाण्याची आमटी.

“ताई, हे तुमच्या उपासाला चालतं,” ती म्हणाली. “आमच्यात उपास न्हाई करत. आईनं शेजारच्या काकूला इचारलं, मंग केलं.”

ज्या घरात असा उपवास कुणी धरत नाही, त्या घरात माझ्या खोट्या उपवासासाठी भगर शिजली. पहाटे, एसटीच्या आधी. आता तरी खायला हवं होतं ना? दोन घास. एक घास. मी म्हणाले, स्टाफरूममध्ये निवांत खाते. आणि मागच्या बाजूला, बागेच्या कुंपणाशी, कुत्र्यांसमोर डबा रिकामा केला. डबा घासला, पुसला, तिला परत दिला. खूप छान झालं होतं म्हणाले. ती इतकी खूश झाली की दिवसभर शीळ वाजत होती.

एकदा नाही. ती जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी आणायची, आणि मी प्रत्येक वेळी तेच करायचे. डबा घेताना ती विचारायची, मीठ बराबर होतं का? मी म्हणायचे, अगदी बराबर. आणि त्याच पोरीवर माझा जीव होता. तिची वेणी सुटली की मीच घालायचे, तिला ताप आला तर मला वर्गात करमायचं नाही. हे दोन्ही एकाच बाईत कसं राहत होतं, मला विचारू नका.

वर्ष संपत आलं तेव्हा पालकसभेला तिची आई आली. सगळे गेल्यावर थांबली. प्रगतीबद्दल विचारेल म्हणून मी संबूचं कौतुक सुरू केलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मागल्या शुक्रवारी गडबडीत मी आमटीत मीठ टाकायलाच विसरल्ते. उरलेली मी माझ्या डब्यात नेली, तेव्हा कळलं. संबूला विचारलं, तर म्हणली, ताई म्हणाल्या मीठ बराबर होतं.”

मी टेबलावरची प्रगतिपुस्तकं एकावर एक रचायला लागले.

तिचा आवाज चढला नाही. “तिला कळू देऊ नका,” एवढंच म्हणाली. “शुक्रवारी मला जल्दी निघावं लागतं, डबा जमणार न्हाई, असं मीच सांगते तिला.”

म्हणजे माझं खोटं झाकायला ती आपल्या लेकीशी खोटं बोलणार होती. पर्स उचलली, मला नमस्कार केला — नेहमीसारखाच, नीट — आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. माफी मागितली नाही. तिनं कुणाला सांगितलं तर, ही भीती मला आधी वाटली, लाज नंतर.

संबू आता मोठ्या शाळेत आहे. मागे जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानात भेटली. सगळे दात आलेले, माझ्या खांद्याला लागलेली. धावत येऊन बिलगली. सोबतच्या मैत्रिणीला सांगितलं, ह्या माझ्या ताई, सगळ्यात चांगल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, “ताई, शुक्रवार धरता का अजून?”

तो शुक्रवारच होता. सकाळी मी पोहे खाऊन निघाले होते. तिची आई पलीकडे कापड बघत उभी होती, तिनं मान वर केली.

मी म्हणाले, “हो.”

आईनं मान खाली घातली आणि दुकानदाराला दुसरा रंग दाखवायला सांगितलं.

तिच्या हातची आमटी कशी लागते, मला माहीत नाही.