परकेपणाची नोकरी

परक्या मावशींना माणसं आवडत नसत, आणि नेमक्या त्याच गुणावर त्यांना नोकरी मिळाली होती. विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत वर्ष-दीड वर्षाच्या मुलांवर संशोधन चाले. त्यासाठी एक खोली होती. खाली गालिचा, वर दोन खुर्च्या, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली आणि एका भिंतीत भला मोठा आरसा. खोलीतून पाहिलं तर आरसा, पलीकडून पाहिलं तर साधी काच. आई बाळाला घेऊन आत येई, बाळ खेळायला लागे. मग एक अनोळखी बाई आत येई, आणि थोड्या वेळानं आई हळूच उठून बाहेर जाई. बाळ तेव्हा काय करतं, आणि मुख्य म्हणजे आई परत आल्यावर काय करतं, ते काचेमागून पाहायचं. ती अनोळखी बाई म्हणजे मावशी. पात्रता एकच, बाळानं त्यांना आधी कधी पाहिलेलं नसावं. एवढ्या सोप्या पात्रतेचाही कुणाला गर्व असू शकतो हे मावशींना पाहिल्यावर पटायचं.

'परक्या मावशी' हे नाव तिथल्या विद्यार्थ्यांनी ठेवलं. मावशींनी ते बिरुदासारखं मिरवलं.

त्याआधी त्या पाळणाघर चालवायच्या. ते बंद पडलं ते मुलं कमी झाली म्हणून नव्हे. मुलाला न्यायला आलेल्या प्रत्येक आईला मावशी दारातच काहीतरी ऐकवायच्या. एकीला म्हणाल्या, "पोटच्या पोरापेक्षा नखांना जास्त वेळ देता वाटतं." दुसरीला म्हणाल्या, "आज लवकर आलात? नोकरी गेली की काय?" बायका आपापली पोरं घेऊन निमूटपणे दुसरीकडे गेल्या, आणि मावशी म्हणाल्या की हल्लीच्या आयांना खरं बोललेलं सोसत नाही. जिभेला हाड नसणं आणि स्पष्टवक्तेपणा यांत फरक असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

इथं तर त्यांना रानच मोकळं मिळालं. खोलीत जाण्याआधी त्या काचेमागे उभ्या राहून आत बसलेल्या आईकडे नाक मुरडून बघत आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलीला निकाल सांगून टाकत. बाळ रडलं तर आईनं लाडावून ठेवलंय. नाही रडलं तर आईची मायाच कमी. छापा आला तरी आई वाईट, काटा आला तरी आईच वाईट. इथल्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्यांनी मावशींना कितीदा समजावलं होतं.

"अहो मावशी, किती रडलं ते आपण बघतच नाही. आई परत आल्यावर तिच्यापाशी जाऊन ते शांत होतं का, पुन्हा खेळायला लागतं का, ते बघायचं. ज्याला आईचा भरवसा आहे ते रडेलसुद्धा, पण तिच्याजवळ गेल्यावर सावरेल."

"रडकं ते रडकं," मावशी म्हणायच्या. "त्याला तुम्ही इंग्रजीत काही म्हणा."

मावशींचे अंदाज बहुतेक वेळा चुकायचे. पण चुकलेले अंदाज त्या विसरून जायच्या आणि बरोबर आलेला एखादा चार महिने सांगत फिरायच्या, त्यामुळे स्वतःच्या हिशेबानं त्या कधीच चुकल्या नव्हत्या.

घरी मात्र याच जिभेनं दिवा लावला होता. मुलगा एकुलता एक. सून नोकरी करणारी, पोट पुढे आलं तरी रोज कामावर जाणारी. एका संध्याकाळी ती दमून घरी आली, पाय वर घेऊन बसली, आणि तिच्या आईवडिलांच्या देखत मावशी म्हणाल्या, "हिचं पोर परक्याच्या कडेवर हसत जाईल बघा. आई कोणती ते त्याला सांगावं लागेल." सुनेनं पाय खाली घेतले. मुलगा बोलला, आणि पुढच्याच आठवड्यात दोघांनी घर बदललं. मावशी निवांत होत्या. बाळंतपण आलं की येतील नाक घासत, असं त्या शेजारणीला म्हणाल्या. बाळ झालं, ते रांगलं, उभं राहिलं, पण कुणी आलं नाही. नातू त्यांनी पाहिला तो शेजारणीच्या फोनवर, तोही तिनं फोन मागे खेचेपर्यंत. घर रिकामं झालं तेव्हाच त्यांनी ही नोकरी धरली होती. दुसऱ्यांची नातवंडं आपल्याकडे येतात की नाही हे रोज बघायची नोकरी. याचा अर्थ काय होतो, याचा विचार करण्याची त्यांना सवय नव्हती.

त्या दिवशी त्या नेहमीसारख्या काचेमागे आल्या, नेहमीसारखं नाक मुरडायच्या तयारीत, आणि आत गालिच्यावर सून बसलेली होती. शेजारी नातू. टोपलीतला लाल चेंडू काढून तो तिच्या मांडीवर ठेवत होता आणि परत काढून घेत होता. मुलांच्या डॉक्टरांनी संशोधनासाठी काही घरांना विचारलं होतं, त्यांतलं हे एक. सासू कुठं काम करते हे सुनेला माहीत असायचं कारणच नव्हतं.

मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. "मावशी, या बाळानं तुम्हाला कधी पाहिलंय?"

"नाही," मावशी म्हणाल्या.

खोटं एक अक्षर नव्हतं. हे पोर आपल्याकडे आलं पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. रक्त रक्ताला ओळखतं, ते आपल्या कडेवर येईल, आणि काचेमागून त्याची आई ते बघेल. नातू मिळेल आणि आपलं म्हणणंही खरं ठरेल. एका दगडात दोन पक्षी मारायला निघालेल्या बाईला त्यातला एक पक्षी आपलाच नातू आहे हे सुचलं नाही.

त्या आत गेल्या. सुनेनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि परत आला. तिला तिथल्या तिथे उठून जाता आलं असतं. ती उठली नाही. नियमाप्रमाणे अनोळखी बाईनं आईशी चार साध्या गोष्टी बोलायच्या असतात, आणि काचेमागे मॅडम वाट बघत होत्या.

"किती महिन्यांचा?" मावशींनी विचारलं.

"चौदा."

"रात्री झोपतो का?"

"छान झोपतो. घरात शांतता असते."

मावशींनी विषय बदलला. "कुणावर गेलाय?"

"अजून तरी कुणावर नाही," सून म्हणाली. "आम्ही लक्ष ठेवून आहोत."

मग दारावर टकटक झाली. सुनेनं उठून बाहेर जायची ती खूण. ती गेली, काचेमागे मॅडमच्या शेजारी उभी राहिली. नातवानं दाराकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, चेंडू टाकला आणि भोकाड पसरलं. मावशी गालिच्यावर बसल्या. वर्षानुवर्षं मुलं हाताळलेली बाई ती, पण त्या दिवशी त्यांचे हात पोराकडे जाण्याआधी डोळे आरशाकडे गेले. त्यांनी त्याला उचललं. त्यानं पाठ ताठ केली, दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा लोटला, आणि आवाज आणखी चढवला.

"अरे, असं काय करतोस? मी आजी! तुझी आजी आहे ना मी!"

खोलीतला आवाज काचेमागे स्पष्ट ऐकू जातो. कॅमेऱ्यावरची मुलगी वळून मॅडमकडे बघायला लागली. मॅडम सुनेकडे बघायला लागल्या. सून कुणाकडेच न बघता सरळ आत गेली. नातवानं हात पसरले, तिच्या खांद्यात तोंड खुपसलं, दोन हुंदके दिले, आणि जरा वेळानं खाली उतरून चेंडूमागे गेला. मॅडमना जे बघायचं असतं ते सगळं त्यांना बघायला मिळालं होतं.

पण चिडल्या त्या मॅडमच. बाहेर आल्यावर मावशींना म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं! सख्खी आजी अनोळखी म्हणून कशी चालेल? सगळं बाद करावं लागणार आता."

"बाद कशाला?" सून म्हणाली. ती बाकावर बसून पोराच्या पायात बूट चढवत होती. "त्यानं यांना आज पहिल्यांदाच पाहिलं. तुमची अट तेवढीच आहे ना? मग चालतंय की."

मावशी भिंतीला टेकल्या. त्यांचा गाल पोराच्या नखांनी ओरबाडला होता. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर कुणालाही दया आली असती. सुनेला आली, हे विशेष. तिनं त्या ओरखड्यांकडे पाहिलं, आणि पुन्हा बुटांकडे वळून म्हणाली, "रविवारी आम्ही घरीच असतो."

आता फक्त 'येते' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मुक्या माणसानंसुद्धा मान हलवून काम भागवलं असतं. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं, ओठ हलले, नजर खाली गेली, आणि सुंभ जळला तरी पीळ जाईना.

"बूट उलटे घातलेस त्याला," मावशी म्हणाल्या. "आई म्हणवतेस, आणि एवढंही कळू नये?"

सुनेनं खाली वाकून दोन्ही बूट अंगठ्यानं दाबून पाहिले. ते बरोबर होते. पोराला कडेवर घेतलं, मॅडमना "निघते" म्हणाली आणि जिना उतरून गेली.

रविवारी सकाळपासून मावशी चांगले कपडे घालून, पायात चपला चढवून खुर्चीत बसल्या होत्या. नवं घर कुठं आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. मुलाला फोन लावून विचारता आलं असतं, फोन समोरच होता. पण त्यांनी का विचारावं? चूक सुनेची होती. बोलावलं तिनं, तर पत्ताही तिनंच सांगायला हवा होता.