राजदूताच्या पदवीचा हिशेब

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे राजदूत म्हणतात. तो ग्लोबल स्टडीजची पदवी घ्यायला गेला तेव्हा वडिलांनी हे नाव कौतुकाने ठेवलं होतं. पुढे त्याला नोकरी लागली आणि त्याच नावाची चेष्टा झाली. देश एकमेकांशी कसे वागतात, कुणाचा माल कुठे जातो, माणसं घरदार सोडून परमुलखात का जातात, हे सगळं तो चार वर्षं शिकला. आज तो एका कस्टम क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात झेरॉक्स मशीनशेजारी बसून बंदरात आलेल्या मालाचे फॉर्म भरतो. रबरी हातमोजे आले तर ते दवाखान्याचे की भांडी घासायचे, एवढं ठरवायचं आणि त्याप्रमाणे कराचा नंबर टाकायचा. शेजारच्या टेबलावरचा बारावी पास गडी हेच काम करतो. दोघांचा पगार सारखा.

बरं, हा काही मठ्ठ नाही. एका बंदरात संप होणार हे त्याने आठ दिवस आधी ओळखलं, मालकाच्या मागे लागून तीन कंटेनर दुसरीकडे वळवायला लावले. मालकाचं केवढं तरी नुकसान वाचलं. मालकाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि टेबलावर ठेवायचा पृथ्वीचा गोल भेट दिला. तोंडाला पानं पुसली ती अशी! आणि हा शहाणा तो गोल छातीशी धरून घरी आला. मी म्हटलं, "अरे, पगार वाढवून माग." तर म्हणतो, "ताई, असं तोंडाने मागणं बरं दिसत नाही." पंधरा वर्षं त्याचं हेच चाललंय, आणि पंधरा वर्षं माझं डोकं फिरतंय.

माझं धुलाई-इस्त्रीचं दुकान आहे. पदवी नाही, पण कॉलरला टाचलेल्या चिठ्ठीचा आकडा बघून कुणाचा शर्ट ते सांगते, आणि महिनाअखेर माझ्या हातात राजदूताच्या दीडपट पैसे पडतात. म्हणून माझ्या लेकीने जेव्हा जाहीर केलं की तिलाही ग्लोबल स्टडीजच करायचंय, तेव्हा माझ्या हातातली इस्त्री एका गिऱ्हाइकाच्या पँटवर नको तेवढी टेकली. फॉर्मची शेवटची तारीख सोमवार होती. फी भरणाऱ्या पालकाची सही हवी, आणि फी भरणार मी. तिचे बाबा बस चालवतात. ते म्हणाले, "मामाला विचारा." एवढं बोलून ते ड्युटीवर निघून गेले.

विचारते म्हटलं. राजदूताला मी फोन केला. "शनिवारी दुपारी दुकानात ये. येताना पगाराची चिठ्ठी आण. भाचीला दाखव आणि खरं काय ते सांग."

आला बिचारा. काउंटरच्या आत, धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसला. चिठ्ठी काढून त्याने भाचीसमोर ठेवली. नोकरी लागली तेव्हाचीही आणली होती. तो प्रत्येक कागद जपून ठेवतो, नाहीतर दुसरं जपायला आहे काय त्याच्याकडे!

"हे बघ," तो तिला म्हणाला, "फी, राहणं, पुस्तकं धरून जेवढा खर्च झाला, तेवढेच पैसे मी पदवीशिवाय कामाला लागलो असतो तर त्या चार वर्षांत कमावले असते. म्हणजे दुप्पट नुकसान. आणि वर पगारात एक छदामाचा फरक नाही. तुझी आई बरोबर बोलते."

मला बरं वाटलं. एकदाचा कुणीतरी माझ्या बाजूने बोलला. मी इस्त्रीचं बटण बंद केलं.

लेक मात्र हट्टी. "मामा, पुन्हा निवडायचं असतं तर काय घेतलं असतंस?"

तो चिठ्ठ्यांच्या घड्या घालू लागला. मी डोळे वटारले. 'हे नाही' एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

"हेच घेतलं असतं," तो म्हणाला. "फक्त ताईचे पैसे घेतले नसते."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "तुझे कुठले पैसे?"

तिला ते कधी सांगितलंच नव्हतं. तिच्या जन्माआधी मी तीन वर्षं पॅकिंगच्या कारखान्यात उभ्याने काम करून पैसे साठवले होते, फार्मसीच्या डिप्लोमासाठी. ते वडिलांच्या खात्यात ठेवले. राजदूताच्या अॅडमिशनच्या वेळी वडिलांनी ते काढले आणि संध्याकाळी जेवताना सांगितलं, "तू काय, लग्न होऊन जाशील. त्याचं आयुष्य उभं राहू दे." वर्षभरात माझं लग्न झालंही.

"किती होते, आठवतं तुला?" मी भावाला विचारलं.

"पासष्ट हजार चारशे," तो लगेच म्हणाला.

माझं टाळकंच सरकलं. "म्हणजे आकडासुद्धा पाठ आहे! मग इतकी वर्षं मूग गिळून का बसलास?"

"तू कधी मागितले नाहीस, ताई."

मी मागितले नाहीत! कुणाकडे मागायचे? आणि काय म्हणून? मी दुकानात, गिऱ्हाईक दारात उभं असताना, त्याला तोंडाला येईल ते बोलले. गिऱ्हाईक कपडे न घेताच गेलं. राजदूत मान खाली घालून ऐकत होता. मधेच म्हणाला, "दर महिन्याला थोडे थोडे देतो." म्हटलं, "ठेव तुझ्याकडे! आता काय या वयात फार्मसीला जाऊ?" तेव्हा माझा आवाज फाटला आणि मला माझाच राग आला.

तो गेल्यावर लेक फॉर्म घेऊन जवळ आली. हळूच म्हणाली, "आई, तू नको म्हणालीस तर मी नाही भरणार. खरंच. तुला पटत असेल तरच सही कर."

त्या पदवीची किंमत मला आजही पटलेली नाही. पोरगी उद्या कुठल्यातरी झेरॉक्स मशीनशेजारी जाऊन बसेल ही धास्ती आहेच. पण पैसे माझे होते, आणि या वेळी कुणीतरी ते मला विचारून मागत होतं.

मी पेन मागितलं.