रुळांपलीकडची मते

आमच्या वॉर्डाला दोन जागा होत्या, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू झाली. एकच जागा असती तर माझे साडू आणि मी समोरासमोर उभे राहिलो असतो. एक जिंकला असता, एक हरला असता, आणि दिवाळीपर्यंत येणेजाणेही पूर्ववत झाले असते.

ही गोष्ट दुसरी जागतिक लढाई सुरू होण्याआधीची. लोणावळ्याची म्युनिसिपालिटी लहान, पण आमचा वॉर्ड आगगाडीच्या रुळांच्या दोन्ही अंगांना पसरलेला. अलीकडे बाजार, माझी लाकूड-कोळशाची वखार आणि गवळीवाड्याची एक कड. पलीकडे भांगरवाडी आणि तुंगार्लीच्या वाटेवरचे मुंबईकरांचे बंगले. मधे रेल्वेचे फाटक. घाट चढून आलेल्या गाडीला मागून ढकलणारे जादा इंजिन लोणावळ्याला काढून घ्यायचे, त्यामुळे फाटक एकदा पडले की लवकर उघडायचे नाही. म्हणून मतदानाच्या पेट्याही दोन ठेवत, अलीकडची शाळेत आणि पलीकडची चावडीत.

मत सगळ्यांना नव्हते, घरपट्टी भरणाऱ्यांना होते. वर्षातून महिनाभर येणाऱ्या बंगलेवाल्याला मत होते आणि बारा महिने तिथे राहणाऱ्या त्याच्या माळ्याला नव्हते. आमच्या घरात मात्र दोघांनाही मत होते. मला वखारीमुळे, आणि बायकोला राहत्या घरामुळे, कारण ते सासऱ्यांनी तिच्या नावावर करून दिले होते.

साडूंचे घर पलीकडे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मुंबईकरांचे बंगले सांभाळायचे, हंगामाआधी उघडून झाडून घ्यायचे, हे त्यांचे काम. शिक्षण माझ्यापेक्षा कमी, वय कमी, आणि उधारीत बुडालेला पैसाही बहुधा कमी. तरी सासुरवाडीला आम्ही दोघे एकदम गेलो तर सासरे आधी त्यांना विचारायचे, “काय म्हणतंय लोणावळं?” मीही लोणावळ्याहूनच आलेलो असे. बाजारात मी रास्त भावात रास्त माप देई, लोक घेत आणि निघून जात. साडू फाटकापाशी नुसते उभे राहिले तरी भोवती चारजण जमत. मला याचा त्रास व्हायचा. अजून होतो.

मी अर्ज भरला, त्यानंतर त्यांनी भरला. मला वाटले, मुद्दाम. तिसरे उमेदवार एक निवृत्त अंमलदार होते, स्वतःचा बंगला असलेले. ते सर्वांना सांगत, बंगलेवाले झाडून सगळे सकाळच्या गाडीने मतदानाला येणार आहेत. मी हिशेब मांडला. बंगल्यांच्या मतांवर अंमलदारांची जागा नक्की. राहिली एक. त्या एका जागेसाठी मी आणि साडू. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही दिलीच पाहिजेत असा नियम नव्हता. माझ्या माणसाने दुसरे मत साडूंना दिले, तर मी माझ्याच हाताने त्यांना वर चढवणार. म्हणून मी घरोघर सांगितले, एकच मत द्या, मला द्या, दुसरे कुणालाही नको. यात गैर काही नव्हते. पुष्कळ उमेदवार तसेच सांगत.

गवळीवाड्यातले एक म्हातारे आबा मात्र ऐकेनात.

“मालक, सरकारनं मतं दोन दिली ना?”

“दिली. पण एकच वापरायचं.”

“आन् दुसऱ्याचं काय लोणचं घालू?”

अंगणातल्या बाया हसल्या. मी म्हटले, “आबा, दुसरं तुम्ही दिलंत तर माझं पहिलं फुकट जातं.”

“त्ये कसं?”

मी गणित समजावून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुमचं साडू काल आलतं. त्यांनी येवढा येळ न्हाई घेतला.”

“काय म्हणाले ते?”

“म्हनलं, येक मला द्या, येक आमच्या भाऊंना.”

भाऊ म्हणजे मी. थोरला साडू म्हणून ते मला भाऊ म्हणत. माझा विश्वास बसला नाही. मला वाटले, ही अलीकडच्या लोकांपुढची गोड भाषा आहे, पलीकडे ते वेगळे बोलत असणार. मी फाटकाच्या पलीकडे एकदाही गेलो नाही. त्यांच्या दारावरून मते मागत जायचे, आणि मेहुणीने चहाला थांबा म्हणायचे, हे मला नको होते.

मतदान श्रावणात आले. त्या दिवशी सकाळच्या गाडीला मी मुद्दाम स्टेशनावर गेलो. मुंबईकडून आलेल्या गाडीतून उतरले ते दोन फळवाले आणि एक छत्री दुरुस्त करणारा. साडूही तिथे होते.

“बंगलेवाले कुठं आहेत?” मी विचारले.

“कुठले बंगलेवाले? भाऊ, किल्ल्या माझ्याकडं आहेत. बंगला उघडून ठेव म्हणून कुणाचं कार्ड आलं नाही. पाऊस लागू नये म्हणून भिंतींना बांधलेल्या गवताच्या झडी आहेत तशाच आहेत अजून.”

“मग मला आधी सांगायचं होतं!”

“तुम्ही विचारलंत कुठं?”

दुपारी बायको मत देऊन आली. ओले लुगडे पिळता पिळता म्हणाली, “दिलं हो.”

“एकच ना?”

“दोन दिली. एक तुम्हांला, एक धाकटीच्या घरात.”

“मी काय सांगितलं होतं?”

“तुम्ही वखारीच्या मताचं सांगा. हे घर माझ्या वडलांनी दिलंय.”

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. आधी अलीकडची पेटी फोडली. माझा हिशेब जवळजवळ बरोबर निघाला, पण पेटी संपली तेव्हा अंमलदार माझ्या थोडे पुढे होते. बाजारातले काही व्यापारी त्यांच्या बाजूला गेले होते. मग पलीकडची पेटी. तिथे मी शून्य धरले होते. मोजणारा कारकून चिठ्ठी उघडून नावे वाचू लागला. साडूंचे नाव, माझे नाव. साडूंचे, माझे. साडूंचे, माझे. क्वचित एखादीवर अंमलदार. मी खाली मान घालून ऐकत राहिलो. साडू पहिले आले, मी दुसरा, अंमलदार पडले. पलीकडच्या पेटीतून मला जेवढी मते मिळाली, त्यांतली निम्मी जरी कमी असती तरी पडलो असतो तो मी. ही वजाबाकी मी तिथेच मनात केली आणि नंतरही अनेकदा करून पाहिली. उत्तर बदलत नाही.

बाहेर लोकांनी साडूंसाठी हार आणला होता. त्यांनी तो आधी माझ्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही त्यांनाच.

पुढे त्या मतांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. भांडणात नाही, थट्टेत नाही. एकदा जरी बोलून दाखवले असते तरी माझ्यावरचे ओझे उतरले असते.

मुदत संपत आली तेव्हा मी सभेत ठराव मांडला, की आमच्या वॉर्डाचे रुळांवरून दोन भाग करावेत, प्रत्येकी एक जागा. कारणे सांगितली फाटकाची आणि लोकांच्या गैरसोयीची, आणि ती खरीच होती. ठरावाला अनुमोदन लागते. अध्यक्षांनी दोनदा विचारले. कुणीच उठेना. शेवटी साडू उठले. म्हणाले, “भाऊंनी मांडलंय म्हणजे मोजूनमापूनच मांडलं असणार.” सगळी सभा हसली आणि ठराव पास झाला.

पुढची निवडणूक लढाईच्या दिवसांत झाली. अलीकडच्या वॉर्डात, बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या जोरावर, माझ्यासमोर अंमलदार पुन्हा उभे राहिले. सबंध महिना मी पायपीट केली आणि अगदी थोड्या मतांनी, पण स्वतःच्या मतांनी, निवडून आलो. निकाल घेऊन घरी आलो. बायकोने हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, “धाकटीकडून निरोप आलाय. तिकडे दुसऱ्या कुणी अर्जच भरला नाही. बिनविरोध आले.”

मी साखर तोंडात टाकली. तिने विचारले, “आता तरी झालं ना समाधान? आता तुमची मतं तुम्हांला, त्यांची त्यांना.”

मी मान हलवली. पण मनात आकडा शोधत होतो. माझी मते मला शेवटच्या चिठ्ठीपर्यंत ठाऊक होती. बिनविरोध आलेल्या माणसाला किती मिळाली असती, हे मोजायला चिठ्ठ्याच नव्हत्या.