आप्पांना आवडलेला नकाशा

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय. सायबर कॅफेत बसून लिहितेय.

नाशिकला आमच्या हवामान खात्याचं प्रदर्शन होतं. पिकांतून आणि मातीतून किती पाणी वाफ होऊन उडतं, याचा अंदाज मी वेधशाळेतल्या उघड्या पात्रातलं पाणी रोज किती घटतं त्यावरून काढते. माझ्याच ऑफिसातली मैत्रीण वैशाली तेच काम उपग्रहाच्या चित्रांवरून करते, आणि तेही अख्ख्या जिल्ह्यासाठी.

माझे वडील, आप्पा, चांदवडहून मुद्दाम आले होते. मला वाटलं, माझं काम बघायला. पण वैशालीच्या कॉम्प्युटरसमोर उभे राहिले ते तिथून हललेच नाहीत.

"पोरी, आमचं गाव दाव बरं."

तिने दाखवलं. जास्त पाणी उडतंय तिथे निळा रंग, कमी तिथे तांबडा.

"लय भारी! आमची पोरगी नुसता आकडा सांगती. तू तर शिवार दावलंस!"

मी हसले खरी, पण आतून पेटले होते.

निघताना वैशाली म्हणाली, "सोमवारपासून माझ्याजवळ बस. तुलाही शिकवते."

"वेळ नाही गं," मी फटकन बोलले. वेळ भरपूर आहे.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर सोमवारी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसला असता का?