हवेचे दोन

दुसरबीडच्या माळावर यंत्रांची झडती घेतात. कोणतं यंत्र किती रेडिओलहरी बाहेर सोडतं, ते उघड्या मैदानात अँटेना लावून मोजायचं, एवढंच तिथलं काम. धम्मशीला तिथे लागली तेव्हा सहदेवकाका खांबापाशी लोखंडी खुर्चीत बसून दोरीनं अँटेना वर-खाली करायचे, राजकुमार सर केबिनमधून आकडा ओरडायचे आणि ही वहीत लिहायची. लिहिताना प्रत्येक आकड्यात दोन मिळवायचे. कशाचे, तर सर म्हणाले, "हवेचे. इथली हवा दोन खाते."

या ओरडण्या-लिहिण्याला ती इतकी विटली, की आठ महिने खपून तिनं एक्सेलची एक शीट रचली. बटण दाबलं की मोटर अँटेना चढवणार, आकडे आपापल्या रकान्यात जाऊन बसणार, हवेचे दोनही आपोआप मिळणार. घरी आईला सांगताना ती अशी काही नाचली, की हातातला चहा सांडला. आज त्या शीटची परीक्षा होती. मैदानात ठेवलेल्या छोट्या ट्रान्समीटरचा आकडा साठ यायला हवा, हे सगळ्यांना पाठ. तीन वाजेपर्यंत साठ आला नाही तर पुन्हा वही, असं सरांनी बजावलं होतं.

शीट बासष्ट दाखवत होती. दहाव्यांदाही बासष्ट.

दीड वाजता आकडा अचानक साठ झाला. तिनं खिडकीतून पाहिलं. सकाळपासून केबिनमागे रिकामे बसून कंटाळलेले काका खुर्ची उचलून खांबाजवळच्या जुन्या जागी भाकरी खात बसले होते.

"काका, खुर्ची घेऊन जरा बाजूले व्हा."

"काऊन वं पोरी?"

बासष्ट.

"आता बसा."

साठ. तिनं त्यांना सहा वेळा उठवलं, सहा वेळा बसवलं आणि हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. मग सरांना हाक मारली.

"सर, हवा काहीच खात नाही. ते दोन काका आणि त्यांची लोखंडी खुर्ची खातात."

काकांचा घास हातातच राहिला. "म्हंजे अकरा वर्सं तुम्ही मलेच हवा म्हणून राह्यले होते?"

धम्मशीलानं सूत्रातले दोन खोडले, काकांची खुर्ची स्वतः उचलून केबिनमध्ये पडद्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "आता बटण तुम्हीच दाबा."

काकांनी धोतराला हात पुसून बटण दाबलं. बाहेर अँटेना एकटीच खांबावर चढली आणि रकान्यात साठ येऊन बसला.