आधी सुई बघा

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात मशीनकाकांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि वाचण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका आळशी माणूस शोधूनही सापडला नसता. त्यांच्या बायकोने एका वर्षी त्यांच्या पोटातली सगळी विद्या बाहेर काढली. जेवणं आटोपली की ते बोलायचे आणि ती लिहायची. दोरा का तुटतो, टाका का सुटतो, शटल कसं पुसायचं. मग तिने ते सगळं टाइप करून शिलाईवाल्यांच्या एका फुकट वेबसाइटवर टाकलं आणि एक प्रत छापून नवऱ्याच्या हातात दिली. काका म्हणाले, माझंच काम, मी काय वाचायचं? ती प्रत त्यांनी तेलाच्या डब्याखाली अंथरली.

बायकोला जाऊन दोन वर्षं झाली आणि काकांना ते वाचायची ओढ लागली. काम त्यांना येतच होतं. तिने ते कसं लिहिलं होतं, एवढंच त्यांना हवं होतं. पण वेबसाइट बंद पडली होती, घरचा कॉम्प्युटर भंगारात गेला होता आणि डब्याखालच्या प्रतीचा तेल पिऊन लगदा झाला होता. पूर्वी कितीतरी जणांनी ते लिखाण न विचारता उचलून आपापल्या पानांवर डकवलं होतं. त्यांच्या नावाने मुलीने तेव्हा बोटं मोडली होती. आता शोधायला गेली, तर ती पानंही जागेवर नव्हती.

एका रविवारी मुलगी लॅपटॉप घेऊन बसली. जगभरचं लिखाण वाचून बोलायला शिकलेला एक प्रोग्राम तिने उघडला आणि आईची माहिती मागितली. प्रोग्रामने लगेच दिली, तीही गोड भाषेत. काका मान डोलावत ऐकत होते. ‘मशीनच्या पट्ट्याला तेल द्या’ आलं आणि त्यांनी हात वर केला. पट्ट्याला तेल दिलं की तो चाकावरून घसरतो, हे शेंबडं पोरही सांगेल. हा थापा मारतोय, असा निकाल त्यांनी देऊन टाकला.

मुलीने समजावलं. त्याने जे एखाद-दोनदाच वाचलंय ते त्याला धड आठवत नाही, मग तो मनचं जोडतो. पण तेच लिखाण ठिकठिकाणी, पुन्हा पुन्हा वाचलं असेल, तर ते पाढ्यासारखं शब्दन् शब्द बसलेलं असू शकतं. मात्र पाढा मधूनच विचारून चालत नाही, सुरुवात करून द्यावी लागते. म्हणजे आईच्या पहिल्या ओळी हव्यात, जशाच्या तशा. त्या दोघांनाही आठवेनात.

काकांनी पायात चपला सरकवल्या. बाजाराच्या टोकाला दुसरा एक मशीनवाला होता. त्याचं नि काकांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. त्याच्या भिंतीवर वहिनींच्या लिखाणाचा कागद चिकटवलाय, असं एका शिंपिणीने मागे सांगितलं होतं, तेव्हा काका त्याला चोर म्हणाले होते. आज ते पहिल्यांदाच त्याच्या दुकानाची पायरी चढले. त्यांची नजर भिंतीवर गेली तसं त्याने स्टूल पुढे केलं. कागदाचा वरचा तुकडा तेवढा उरला होता. तो त्याने नखाने हळूच सोडवला.

“वहिनींचं आहे, घेऊन जा. एवढं मला पाठ आहे.”

त्या तुकड्यावरच्या चार ओळी मुलीने काना-मात्रा न चुकवता टाइप केल्या. या वेळी पडद्यावर आलेली भाषा वेगळीच होती, साधी आणि जराशी फटकळ. ‘मशीनवर रागावू नका, तिला कळत नाही.’ मुलगी हसली. आई अशीच बोलायची. तरी तिने बजावलं की हे आईचंच आहे असं छातीठोक सांगता येणार नाही. काका पुढे वाचत होते.

‘टाका सुटला तर आधी सुई बघा. एका चांगल्या कारागिराने दोरा बदलला, बॉबिन केस बदलली, दोरेवाल्याशी भांडूनही आला. अर्धा दिवस गेल्यावर कळलं की सुई त्यानेच उलटी बसवली होती. घरी येऊन म्हणाला, आज काम फार अवघड होतं. अवघडच असतं. आपली चूक आपल्याला उशिरा दिसते. म्हणून लाजू नका, आधी सुई बघा.’

इथपर्यंतच. पुढचा भाग बहुतेक फारसा कुणी उचलला नव्हता, कारण तिथून पुन्हा थापा सुरू झाल्या. मुलीने लॅपटॉप मिटायला हात नेला तर काकांनी तो धरला.

“हे तिचंच आहे,” ते म्हणाले. “तो कारागीर मी. सुईचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला कळलं होतं, आणि मला एका शब्दाने बोलली नाही.”

“बोलली होती की, बाबा. छापून हातात दिलं होतं.”

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

“दिलं होतं खरं,” ते म्हणाले. “ज्यांनी ज्यांनी हे ढापलं, त्यांचं देव भलं करो. ते नसते तर तिचं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलंच नसतं.”

मग त्यांनी चष्मा नीट केला आणि ओळीवर बोट ठेवून पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.