दोन-तीनवाली कुमुदिनी

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या हौशी वाद्यवृंदात कुमुदिनी गेली ती नवऱ्याच्या आग्रहाने. "घरात कुढत बसतेस, त्यापेक्षा लोकांत मिसळ," सतीश म्हणाला. कम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या मशीनमधले आरसे जुळवणारा माणूस. बायकोचंही काहीतरी जुळवून दिल्याचं त्याला समाधान. पुण्यात वीस वर्षं मांडी घालून व्हायोलिन वाजवलेली बाई इथं खुर्चीत बसून ते हनुवटीखाली धरायला शिकली.

वाट्याला आली दुसऱ्या व्हायोलिनांची रांग, आणि कार्यक्रमासाठी निवडलेला दीडशे वर्षांपूर्वीचा व्हिएन्नाचा वॉल्ट्झ. म्हणे ग्रहतारे फिरताना जे सूर उमटतात, त्यांवरून सुचलेला. सुरुवात खरंच आभाळ हळूहळू उघडावं तशी. पण ते आभाळ पहिल्या रांगेचं. तीन मात्रांतली पहिली खर्जातल्या बासवाल्यांची. कुमुदिनीला नुसतं दोन-तीन, दोन-तीन, पानंच्या पानं.

समेवर उतरायची तिला वीस वर्षांची सवय. गज पहिल्या मात्रेवरच पडायचा. "कुमुदिनी, नीत ऑप एन!" वाद्यवृंद चालवणाऱ्या हानेकेबाई काठी आपटून ओरडायच्या. पहिलीवर नाही! सगळे वळून बघायचे. मग ती हट्टालाच पेटली. चार महिने घोटलं. कांदा चिरतानासुद्धा पहिली मात्रा गिळायची.

तेवढ्यात पुण्याहून शैलाताईंचा फोन आला. त्या तिच्या जुन्या संगीत विद्यालयाच्या प्रमुख. "व्हायोलिन शिकवायची जागा रिकामी होतेय. माझ्या मनात तूच आहेस. कमिटीसाठी तीनतालातलं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठव. सोमवारपर्यंत हं."

सतीश ऐकून हसला. "अगं, पाच वर्षं कन्टिन्युअस राहावं लागतं. आत्ता गेलीस तर काउंट झीरोपासून. इथला पासपोर्ट होऊ दे, मग बघू."

हे 'मग बघू' ती साडेतीन वर्षं ऐकत होती. इथं तिचा जीव गुदमरत होता, जायला दुसरं काही कारण नव्हतं. रेकॉर्डिंग पाठवायचं, जागा मिळवायची आणि जायचं, सतीश काहीही म्हणो, असं तिनं पक्कं केलं.

रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. ती एकदाही चुकली नाही. "परफेक्ट!" सतीश म्हणाला. "तू वाजवतेयस हे कळलंच नाही!" बिचाऱ्याने शाबासकीच दिली होती.

सोमवारी तो सायकल काढून ऑफिसला गेला. तिनं सतरंजी अंथरली, मांडी घातली, तारा आपल्या सुरात लावल्या, मोबाइलवर तबला सुरू केला. यमनचा आलाप छान झाला. गत धरली, तान घेत ती समेपाशी आली आणि गज हवेतच राहिला. सम निघून गेली. हात शहाण्यासारखा दुसऱ्या मात्रेवर उतरला.

पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. नवव्या वेळी ती स्वतःच्याच हातावर ओरडली, "पड ना रे मेल्या, समेवर पड!" आणि मग ढसाढसा रडली.

चार वाजता शैलाताईंचा मेसेज आला, 'वाट बघतेय.' तिनं उत्तर लिहिलं, 'ताई, मला इथून निघता येणार नाही.'